जुन्या जीपच्या गिअरबॉक्समध्ये कोणतं ऑइल घालावं?

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या आमच्या शेडमध्ये जुनी जीप आली की मालकांच्या हातात ऑइलचा कॅन असतोच. "लै भारी आणलंय, हेच घाला." कॅनवर 'जीएल-५' छापलेलं असतं. जीएल-४, जीएल-५ हे गिअर ऑइलचे प्रकार. चारपेक्षा पाच चांगलंच, असा हिशेब. गिअरबॉक्ससाठी तो चुकतो, तिथं जीएल-४ च हवं.

हा आकडा दर्जाचा नाही, कामाचा आहे. जीएल-५ डिफरन्शियलसाठी, म्हणजे अ‍ॅक्सलमध्ये चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरसाठी. तिथं क्राऊन-पिनियनचे दात एकमेकांवर दाबून घासत सरकतात, म्हणून त्यात गंधक-फॉस्फरसचं मिश्रण जीएल-४ च्या साधारण दुप्पट असतं. सीजे-३बी या जुन्या जीपच्या तीन गिअरच्या बॉक्समध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरला पितळी सिंक्रो रिंगा आहेत. रिंगेच्या आत बारीक आटे असतात, नख फिरवलं तर लागतात. गिअर टाकताना हे आटे ऑइलचा थर कापून गिअरच्या कोनावर पकड घेतात, दोघांचा वेग जुळतो आणि गिअर आवाज न करता पडतो. ऑइल फार निसरडं असेल तर पकडच बसत नाही. शिवाय तापल्यावर त्यातलं गंधक पितळ खातं. हल्लीची काही जीएल-५ ऑइलं पितळाला सांभाळून असतात, पण निसरडेपणा राहतोच.

राधानगरीकडची एक जीप आम्ही पूर्ण बांधून दिली होती. मालकांनी पुढं बाहेर ऑइल बदललं. काही महिन्यांत गाडी परत आली ती दुसऱ्या गिअरला करकर करतच. बॉक्स उघडला तर रिंगा काळ्या पडलेल्या, आटे सपाट. या जीपचा बॉक्स ट्रान्सफर केससकट (पुढच्या-मागच्या चाकांकडे ताकद वाटणारा जोडबॉक्स) खाली घ्यावा लागतो, म्हणजे दोन्ही प्रोपेलर शाफ्ट सोडा, लिव्हर काढा, मग जॅक लावा. एका कॅनपायी त्यांचे पैसे गेले आणि आमचा रॅम्प अडकला. त्या रिंगा काउंटरवर ठेवल्या आहेत, हातात घेऊन बघा.

ट्रान्सफर केसमध्येही जीएल-४ च. दोन्हींचं ऑइल आतल्या भोकांतून एकमेकांत जातं, त्यामुळे बदलतानाही दोन्हीकडचं एकदम बदलायचं. डिफरन्शियलला मात्र जीएल-५ खुशाल घाला.

कॅनवर दाटपणाचा '९०' आकडा वाचून ऑइल फार जाड पडेल असं समजू नका. गिअर ऑइलची मोजपट्टी वेगळी असते. तिथलं ९० इंजिन ऑइलच्या ४०-५० इतकंच दाट. '७५डब्ल्यू' उणे ४० अंशांच्या थंडीसाठी असतं. कोल्हापूरच्या हवेला ८०डब्ल्यू-९० किंवा साधं ९० पुरतं.

बिलात ऑइल आम्हीच लावतो, यावरून कुणीकुणी नाराज होतं. बांधलेल्या बॉक्सची जबाबदारी आमची, मग आत काय गेलं हे आम्हाला माहीत हवं. सीलबंद कॅन तुमच्यासमोर फोडतो, छापील किमतीलाच देतो, उरलेलं ऑइल तुमच्याकडे देतो. स्वतःचं आणायचं असेल तर जरूर आणा, फक्त कॅनवर जीएल-४ छापलेलं हवं. सुटं ऑइल घेत नाही.

पावसाळा संपला की एकदा गाडी घेऊन या. लेव्हल प्लग काढून थोडं ऑइल बाटलीत घेतो. दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय. या तपासणीचे पैसे नाहीत, आणि बॉक्स आम्ही बांधलेला नसला तरी चालेल.