फियाट कूपे टर्बो घेताय? यूकेतले कागद नेमके कुठे अडतात

फियाट म्हटलं की आपल्याला कुर्ल्यात बनलेली पद्मिनी आठवते, काळी-पिवळी टॅक्सी आठवते. इंग्लंडमध्ये आल्यावर मात्र कधीतरी रस्त्यावर ती दुसरी फियाट दिसते, चाकांवरच्या पत्र्यावर सुरीने तिरकी रेघ मारल्यासारखी कमान, दोन फुगे आलेले हेडलाईट, पेट्रोलचं झाकण अॅल्युमिनियमचं आणि रेसच्या गाडीसारखं, आणि मग माणूस घरी येऊन रात्री दोन वाजेपर्यंत जाहिराती बघत बसतो. कूपे. बाहेरची बॉडी क्रिस बँगलने फियाटच्या डिझाईन स्टुडिओत काढलेली, आतलं काम पिनिनफारिनाचं आणि गाडी बनलीही पिनिनफारिनाच्याच कारखान्यात. २००० मध्ये उत्पादन बंद झालं, एकूण साधारण ७२ हजार गाड्या बनल्या. सगळ्यांना हवी असते ती १९९६ नंतरची २० व्हॉल्व्ह टर्बो, पाच सिलिंडर, १९९८ सीसी, २२० हॉर्सपॉवर.

माझ्याकडे ही गाडी बरीच वर्षं आहे आणि ओळखीतले लोक घ्यायच्या आधी, खरं तर बहुतेक वेळा घेऊन झाल्यावर, मला फोन करतात. इंजिनाबद्दल विचारणारे थोडे. अडकतात ते कागदात, आणि दर वेळी त्याच चार-पाच ठिकाणी, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय.

सगळ्यात आधी लायसन. इथे राहायला आल्यापासून १२ महिने भारतीय लायसनवर गाडी चालवता येते, नंतर नाही. भारतीय लायसन बदलून इथलं मिळत नाही, प्रोव्हिजनल (शिकाऊ लायसन) काढायचं आणि थिअरी, प्रॅक्टिकल दोन्ही परीक्षा द्यायच्या. गाडी नावावर करायला लायसन लागत नाही, फक्त इथला पत्ता लागतो, त्यामुळे लोकांचा गैरसमज होतो की लॉगबुक, म्हणजे गाडीच्या नोंदणीचा कागद, आलं म्हणजे चालवायला मोकळे. तसं नाहीये. आणि ज्यांनी नुकतीच इथली परीक्षा पास केलीय त्यांनी हे लक्षात ठेवा, पहिल्या दोन वर्षांत दंडाचे ६ पॉइंट झाले की लायसन रद्द होतं, आणि विम्याशिवाय गाडी चालवताना सापडलात तर एका फटक्यात ६ पॉइंट आणि ३०० पाऊंड दंड. म्हणजे गाडी घरी आणायच्या नादात केलेली एक चूक आणि परत प्रोव्हिजनलपासून सुरुवात. भारतात पंधरा वर्षं गाडी चालवली होती हे तिथे कोणी विचारत नाही.

लॉगबुक, म्हणजे व्ही५सी

या कागदावर मालकाचं नाव नसतं, ‘रजिस्टर्ड कीपर’चं, म्हणजे गाडी ठेवणाऱ्या आणि तिच्यासाठी जबाबदार असलेल्या माणसाचं असतं, आणि तसं त्यावर स्पष्ट छापलेलंही असतं की हा मालकीचा पुरावा नाही. त्यामुळे विकणाऱ्याकडून सही केलेली पावती घ्याच: तारीख, रक्कम, गाडीचा नंबर, चेसिस नंबर, दोघांची नावं आणि पत्ते. साधा कागद चालतो. पैसे बँकेतून द्या. गाडीवर कोणाचं कर्ज बाकी आहे का, ती कधी अपघातात राईट-ऑफ झाली होती का, हे थोडे पैसे भरून ऑनलाईन तपासता येतं, तेवढा खर्च करा.

लॉगबुक हातात घेऊन बघा, मोबाईलवरचा फोटो चालणार नाही. विकणारा राहतो तो पत्ता आणि कागदावरचा पत्ता एकच असला पाहिजे. चेसिस नंबर गाडीवर कोरलेला असतो त्याच्याशी एकेक अक्षर जुळवा, या गाडीचा नंबर झेडएफए१७५ ने सुरू होतो, १७५ हा कूपेचाच कोड. मग लॉगबुकचा सीरियल नंबर. काही वर्षांपूर्वी कोरी लॉगबुकं चोरीला गेली होती, त्यांचे नंबर बीजी८२२९५०१ ते बीजी९९९९०३० आणि बीआय२३०५५०१ ते बीआय२८०००००. यातला नंबर दिसला तर गाडीला हात लावू नका, तिथून निघा आणि पोलिसांना कळवा.

आता ‘लॉगबुक हरवलंय, तुम्ही व्ही६२ भरा, येईल घरी’ असं सांगणारा विकणारा. व्ही६२ म्हणजे नवीन लॉगबुक मागवायचा फॉर्म. माझ्या एका मित्राने हे ऐकलं. लाल रंगाची सुंदर गाडी होती, दोन तास ड्राइव्ह करून गेलेला, रिकाम्या हाताने परत यायचं मन होईना. त्याने फॉर्म भरला, २५ पाऊंड भरले आणि वाट बघत बसला. कागदावरचा कीपर हा तो विकणारा नव्हताच, त्याच्या आधीचाच कोणीतरी होता, त्यामुळे आधीच्या माणसाला पत्र, त्याचं उत्तर नाही, परत पत्र. तोपर्यंत गाडी दारात उभी आणि याचे रोज मला मेसेज. शेवटी झालं काम, पण उन्हाळा गेला. नियम साधा ठेवा, लॉगबुक नाही तर व्यवहार नाही. विकणारा खरा असेल तर तोच व्ही६२ भरेल आणि तुम्ही महिन्याने परत जाल.

घेण्याच्या दिवशीचा क्रम

इथे सगळ्यात जास्त चुका होतात आणि याचं कारण म्हणजे जुनी सवय, की गाडीबरोबर रोड टॅक्सही येतो. १ ऑक्टोबर २०१४ पासून तो येत नाही. विकणाऱ्याच्या टॅक्सचे सहा महिने शिल्लक असले तरी उरलेल्या पूर्ण महिन्यांचे पैसे त्याला परत जातात, तुमच्यासाठी गाडी त्या मिनिटापासून बिनटॅक्सची.

तर आधी विमा चालू करा. मग विकणाऱ्याला तुमच्यासमोर ऑनलाईन कीपर बदलायला सांगा, लॉगबुकवरच्या ११ अंकी नंबरने पाच मिनिटांत होतं. लॉगबुकमधला हिरवा तुकडा, ज्यावर नवीन कीपर लिहिलेलं असतं, तो फाडून तुमच्याकडे घ्या, त्यावर १२ अंकी नंबर असतो, तो वापरून तिथेच उभं राहून मोबाईलवर टॅक्स भरा. मग किल्ली फिरवा. हिरवा तुकडा जपून ठेवा, नवीन लॉगबुक पोस्टात गहाळ झालं तर या तुकड्यामुळे व्ही६२ फुकटात होतो, नसला तर परत २५ पाऊंड.

एमओटी, म्हणजे गाडीची वार्षिक तपासणी, नसेल तर टॅक्सच भरता येत नाही. ‘एमओटीला नेतोय’ म्हणून चालवायची सवलत आहे, पण ती आधी वेळ घेतलेल्या टेस्टलाच जाताना, आणि तेव्हाही विमा लागतोच. दोनशे मैलांवरून घरी आणायला ती सवलत पुरत नाही, ट्रेलर करा. एमओटीचा इतिहास २००५ पासूनचा नंबर प्लेट टाकून फुकट बघता येतो. मी गाडीचे फोटो नंतर बघतो, आधी हा इतिहास वाचतो. गंजाची सूचना तीन-चार वर्षं ओळीने आलीय आणि मग अचानक गायब झालीय, तर विचारा कोणी आणि कधी वेल्डिंग केलं, बिल दाखवा. मायलेज मध्येच कमी झालंय का तेही तिथेच दिसतं.

आणि सॉर्न, म्हणजे गाडी रस्त्यावर नाही असं जाहीर करणं. पुष्कळ कूपे गॅरेजमध्ये पडून असतात आणि सॉर्नवरच विकल्या जातात. विकणाऱ्याचं सॉर्न तुमच्या नावावर येत नाही! तुम्हाला स्वतःचं करावं लागतं, फुकट आहे, दोन मिनिटांचं काम आहे, आणि केलं नाही तर ८० पाऊंडांचं पत्र येतं. गाडी तुमच्या आवारात किंवा गॅरेजमध्येच उभी पाहिजे, घरासमोरच्या सार्वजनिक रस्त्यावर नाही.

जो कागद कोणाकडेच नसतो

तो खरं तर कागद नाहीये, किल्ली आहे. फियाट कोड इमोबिलायझरच्या (ओळखीच्या किल्लीशिवाय इंजिन सुरू न होऊ देणाऱ्या यंत्रणेच्या) गाड्यांबरोबर रोजच्या निळ्या किल्ल्या आणि एक लाल मास्टर किल्ली यायची, सोबत एक कोड कार्ड. नवीन किल्ली गाडीला ओळखायला शिकवायची तर ही लाल किल्ली लागते. कार्डावरचा पाच अंकी कोड अॅक्सिलरेटरच्या पेडलने टाकून अडीअडचणीला गाडी सुरू करता येते. पंचवीस-तीस वर्षांत पाच-सहा मालक झालेले असतात, लाल किल्ली कुठल्यातरी ड्रॉवरमध्ये राहून गेलेली असते. मी गाडी घेतली तेव्हा त्या काकांनी जुन्या पिवळ्या पाकिटातून ती काढून टेबलावर ठेवली, प्लास्टिकवर एक ओरखडा नाही, आणि मला तिथेच कळलं की या माणसाने गाडी सांभाळलीय. नसेल तर गाडी घेऊच नका असं मी म्हणत नाही, पण भाव करताना ते मोजा आणि निळ्या किल्ल्या किमान दोन, चालणाऱ्या, हातात घ्या.

दुसरा न सापडणारा कागद म्हणजे टायमिंग बेल्टचं बिल. या टर्बोमध्ये इंजिन इतकं चिकटून बसवलंय की बेल्टसाठी बहुतेक मेकॅनिक इंजिन खाली उतरवतात, म्हणून काम महाग आणि म्हणून लोक टाळतात. ‘आधीच्या मालकाने केलंय’ हे वाक्य म्हणजे बिल नव्हे. तारीख आणि मायलेज लिहिलेला कागद नसेल तर बेल्ट केलेलाच नाही असं धरून चाला.

विमा

कंपन्या विचारतात गाडीत काही बदल केलेत का. बूस्ट वाढवलंय, एक्झॉस्ट बदललाय, सस्पेन्शन खाली केलंय, हे आधीच्या मालकाने केलेलं असलं तरी सांगायची जबाबदारी तुमची. क्लासिक पॉलिसी स्वस्त पडते पण तिच्या अटी असतात, रोजच्या वापराला दुसरी गाडी हवी, वर्षाचं मायलेज मर्यादित, रात्री गॅरेज. पॉलिसी ‘अॅग्रीड व्हॅल्यू’ची घ्या, म्हणजे गाडी गेली तर किती मिळणार हे आधीच लेखी ठरतं, नाहीतर वाद घालत बसाल.

४० वर्षं आणि युलेझ

‘पंचवीस वर्षं झाली, आता क्लासिक, टॅक्स माफ ना?’ नाही हो. टॅक्समाफी आणि एमओटीतून सूट ४० वर्षांनी मिळते. १९९७ मध्ये बनलेल्या गाडीचा टॅक्स १ एप्रिल २०३८ पासून माफ होईल, आणि तेव्हाही अर्ज करावा लागेल, आपोआप होत नाही. तोपर्यंत १ मार्च २००१ च्या आधी नोंदलेल्या गाड्यांना इंजिनच्या आकारावर टॅक्स आहे, १५४९ सीसीच्या वर गेलं की जास्तीचा दर, एप्रिल २०२५ पासून तो वर्षाला ३६० पाऊंड झाला.

लंडनचं युलेझ, म्हणजे जास्त प्रदूषण करणाऱ्या गाड्यांना रोज पैसे लावणारा भाग, तेही तसंच. पेट्रोल गाडीला युरो ४ हा प्रदूषणाचा निकष लागतो, आपली कूपे त्याच्या खूप आधीची, त्यामुळे रोजचे १२.५० पाऊंड. २९ ऑगस्ट २०२३ पासून हे लंडनच्या सगळ्या बरोंना लागू आहे, म्हणजे हॅरो, हाउन्सलो, ईलिंगला राहणाऱ्यांना गाडी गल्लीतून बाहेर काढली की पैसे. स्लाऊ बाहेर आहे, पण तिथून हीथ्रोला पाहुण्यांना आणायला गेलात की आत आलात. पैसे प्रवासानंतर तिसऱ्या दिवशीच्या मध्यरात्रीपर्यंत भरता येतात, नाही भरले तर १८० पाऊंड, १४ दिवसांत भरले तर ९०.

इटलीतून आणायची असेल तर

तिथे गाड्या कमी गंजलेल्या मिळतात, मोह होतो. गाडी इथे पोचल्यापासून १४ दिवसांच्या आत एचएमआरसीला, म्हणजे इथल्या कर खात्याला, नोव्हा (गाडी देशात आणल्याची सूचना) द्यायची. हे चौदा दिवस गाडी पोचल्यापासून मोजतात, नोंदणीचा अर्ज कराल तेव्हापासून नाही, इथेच लोक चुकतात, आणि नोव्हा नसेल तर डीव्हीएलए (गाड्यांची नोंदणी करणारं सरकारी खातं) नोंदणी करत नाही. मग हेडलाईटचा झोत डावीकडे पडेल असं करून घ्या, एमओटी चेसिस नंबरवर होते, आणि नोंदणीचा व्ही५५/५ फॉर्म, ५५ पाऊंड फी, टॅक्सचे पैसे आणि इटलीचे मूळ नोंदणी कागद पाठवा. झेरॉक्स पाठवली की अर्ज परत येतो. दहा वर्षांच्या वरची गाडी असल्यामुळे वेगळी अॅप्रूव्हल टेस्ट लागत नाही.

व्हॅट एरवी २० टक्के, पण गाडी ३० वर्षांहून जुनी, मूळ स्थितीत आणि उत्पादन बंद झालेली असेल तर ‘कलेक्टर्स’ वर्गात ५ टक्के आणि ड्यूटी शून्य. कस्टम्सच्या कागदावर तो वर्ग आधीच टाकायला एजंटला सांगावं लागतं. मोठा टर्बो आणि बदललेले ब्रेक असतील तर ‘मूळ स्थिती’ म्हणता येत नाही.

आणखी एक, खास आपल्यासाठी. ओळखीच्या पुराव्यावर नाव एकसारखं हवं. आपल्या पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे असतं, लायसनवर कधी ते गळतं, विजेच्या बिलावर नुसती इनिशियल्स. एवढ्यावरून अर्ज परत आलेले मी पाहिलेत. पाठवायच्या आधी सगळे कागद एका टेबलावर मांडून नावाचं एकेक अक्षर बघा.

ही गाडी पुढे पुण्याला नेता येईल का, हेही लोक विचारतात. भारतात आणायची जुनी गाडी बनल्यापासून तीन वर्षांच्या आतली लागते, त्यामुळे कूपे नाही नेता येत.

नवीन लॉगबुक ऑनलाईन बदललं असेल तर साधारण आठवड्यात येतं, फॉर्म पोस्टाने पाठवला असेल तर चार ते सहा आठवडे. आल्या आल्या नाव, पत्ता, चेसिस नंबर, रंग आणि पहिल्या नोंदणीची तारीख तपासा, चूक दिसली तर त्याच दिवशी दुरुस्त करून परत पाठवा. घर बदललं तर पत्ताही बदला, टॅक्सची आठवण आणि दंडाची पत्रं दोन्ही त्याच पत्त्यावर जातात.