कढईतल्या पाण्याचा हिशेब

पातळ कापलेले साडेतीनशे ग्रॅम बीफ तापलेल्या कढईत पडले की पुढच्या वीस सेकंदांत सगळे ठरते. चर्र आवाज टिकला तर मांसाच्या कडा तपकिरी होतात. तो मंदावून रटरट सुरू झाली, कडेने राखाडी पाणी दिसू लागले, की समजावे की मांस आता परतले जात नाही, उकडते आहे. मग वरून कितीही सॉस ओता, चव उकडलेल्या मांसाचीच येते. घरचे चायनीज 'तसे' होत नाही याचे खापर बहुधा सॉसच्या बाटलीवर फुटते. बाटलीचा त्यात फारसा दोष नसतो.

दक्षिण चीनमधल्या क्वांगतुंग प्रांतात घरोघरी होणारा 'ऑयस्टर सॉसमधले (कालवांच्या सॉसमधले) बीफ' हा पदार्थ उदाहरणादाखल घेऊ. मांस, भाजी, आले-लसूण आणि चमचाभर सॉस, एवढेच त्यात असते. प्रत्यक्ष आचेवरचे काम पाच-सहा मिनिटांचे. पण पाण्याबाबतच्या दोन अटी एकाच वेळी पाळाव्या लागतात. मांसातले पाणी मांसातच राहायला हवे आणि जे सुटेल त्याची तिथल्या तिथे वाफ व्हायला हवी. कढईत पाणी साचले की तळाचे तापमान शंभर अंशांच्या आसपास अडकते. मांस तपकिरी करून त्याला भाजल्याचा वास देणारी प्रक्रिया फ्रेंच डॉक्टर लुई कामिय मायार यांनी 1912 साली मांडली. तिला वेग यायला 140 अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान लागते. पाण्यात ते कधीच मिळत नाही.

आता आचेचा जमाखर्च मांडून पाहू. दीड किलोची लोखंडी कढई एक अंशाने तापायला साधारण पाऊण किलोज्यूल उष्णता लागते, आणि निवताना ती तेवढीच परत देते. फ्रिजमधून काढलेले, पाच अंशांवरचे 350 ग्रॅम मांस 65 अंशांपर्यंत न्यायला सुमारे 73 किलोज्यूल लागतात. म्हणजे सगळे मांस एकदम टाकले तर 250 अंशांची कढई तेवढ्यानेच दीडशेवर येते. त्यात मांसातून चाळीस ग्रॅम पाणी सुटले, तर त्याची वाफ करायला आणखी 90 किलोज्यूल हवेत. घरच्या मोठ्या बर्नरची ताकद अडीच किलोवॅट धरली आणि त्यातली निम्मी कढईत पोचते असे मानले, तर मिनिटाला मिळतात 75. मिळकत पंच्याहत्तरची आणि खर्च एकशे साठच्या वर. उरलेली तूट पाण्याच्या रूपात कढईत दिसते.

चिनी हॉटेलातल्या भट्टीची ताकद तीस-चाळीस किलोवॅटपर्यंत असते. त्यातली चौथाई जरी कढईत उतरली, तरी मिनिटाला साडेचारशे किलोज्यूलच्या पुढे. म्हणून तिथे पाणी सुटते तसेच उडूनही जाते. आपल्याकडच्या चायनीजच्या गाड्यांवर घोंघावणारी शेगडी असते ती याचसाठी. तसा हाय प्रेशर रेग्युलेटर आणून घरच्या शेगडीला लावायचा मोह मात्र आवरावा. घरगुती शेगडी कमी दाबाच्या गॅससाठीच बनवलेली असते आणि जादा दाबाने ज्योत बर्नर सोडून भडकते किंवा जोडातून गॅस गळतो. मिळकत वाढवता येत नाही, तेव्हा खर्च कमी करावा. मांस दोन घाण्यांत परतले की एका वेळचा खर्च निम्मा होतो. ते वीस मिनिटे आधी फ्रिजबाहेर काढले की आणखी चौथा हिस्सा वाचतो. घरच्या कढईसाठी एक घाणा 175 ग्रॅमचा, त्याहून मोठा नको.

सॉसकडे वळण्याआधी सुरी हातात घ्यावी. मांस म्हणजे एकमेकांना चिकटून असलेल्या लांब तंतूंच्या जुड्या. मोळीसारख्या. तंतूंच्या दिशेनेच काप काढले तर प्रत्येक घासात दातांना चार-पाच सेंटिमीटरचे दोर तोडावे लागतात. आडवे, तीन मिलिमीटर जाडीचे काप काढले तर तोच दोर सुरीने आधीच तीन मिलिमीटरचा करून ठेवलेला असतो. म्हणून तुकडा आधी उजेडात धरून रेषा कुठे जातात ते पाहावे, मग सुरी त्यांना काटकोनात ठेवावी. मऊ मांस सुरीखाली घसरते. ते अर्धा-पाऊण तास फ्रीझरमध्ये ठेवले, की कडेने ताठ होते आणि काप एकसारखे निघतात. पूर्ण गोठू देऊ नये. मांसावरचा पांढरा, चिवट पडदा काढून टाकावा. तो कोलॅजेन या चिवट प्रथिनाचा असतो आणि विरघळायला त्याला मंद आचेवर तास-दोन तास लागतात. दोन मिनिटांच्या परतण्यात तो फक्त आकसतो आणि कापाची द्रोणासारखी वाटी करतो. खाटकाकडून मांडीचा किंवा पोटाजवळचा, सरळ रेषांचा तुकडा घ्यावा. अंडरकट, म्हणजे कमरेजवळचा सगळ्यात मऊ तुकडा, यासाठी लागत नाही. महाग पडतो, आणि पुढची सोड्याची युक्ती त्याच्यावर केली तर तो लिबलिबीत होतो.

ती युक्ती अशी. 350 ग्रॅम कापांवर पाव छोटा चमचा, म्हणजे ग्रॅमभराहून थोडा जास्त, खायचा सोडा दोन मोठे चमचे पाण्यात विरघळवून घालावा, हाताने चोळावा आणि पंधरा ते वीस मिनिटे थांबावे. बाजारातल्या मांसाचा सामू (pH) साडेपाचच्या आसपास, किंचित आम्ल असतो. या सामूला मांसातल्या प्रथिनांवरचे धन आणि ऋण भार जवळजवळ समसमान असतात, त्यामुळे तंतू एकमेकांना चिकटून बसतात आणि मध्ये पाण्याला जागा कमी उरते. सोड्याने सामू वर सरकतो, प्रथिनांवर ऋण भार वाढतो, ती एकमेकांना दूर ढकलतात आणि त्या फटींत पाणी शिरते. भांड्यातले पाणी मांसाने पिऊन टाकलेले दिसते. तापल्यावरही तंतू पूर्वीइतके घट्ट आवळले जात नाहीत, त्यामुळे पिळून बाहेर येणारे पाणी कमी होते. शिवाय अल्कधर्मी पृष्ठभागावर मायार प्रक्रिया लवकर होते. एका चिमटीत तीन कामे होतात, पण चिमूट मापून घ्यावी. दुप्पट-तिप्पट सोडा पडला की साबणासारखी चव येते आणि मांस स्पंजासारखे लागते. रात्रभर ठेवले तरी तेच. हात चुकून जास्त पडलाच तर काप धुवून, घट्ट निथळून, कापडाने टिपून घ्यावेत.

चायनीज म्हटले की व्हिनेगरच्या बाटलीकडे हात जातो. सोडा लावलेल्या मांसात ते घातले की दोघांचे एकमेकांत विझून जाते आणि थोडा फेस तेवढा उरतो. आंबट चव हवी असेल तर ती शेवटी. कच्च्या पपईचेही तसेच. तिच्यातले पपेन प्रथिनांचे तुकडेच करते. बिर्याणीच्या जाड तुकड्यांना ते चालते, पण तीन मिलिमीटरच्या कापाचा त्याने बघता बघता लगदा होतो.

सोड्यानंतर लेप. याला चिनी स्वयंपाकात 'शांग च्यांग' म्हणतात. मांसावर एक मोठा चमचा लाइट (पातळ, खारट) सोया सॉस, अर्धा छोटा चमचा डार्क (गडद, घट्ट) सोया सॉस, अर्धा छोटा चमचा साखर, चिमूटभर पांढरी मिरी आणि असल्यास एक मोठा चमचा शाओशिंग वाइन (तांदळाची चिनी वाइन) घालावी. हे जिरले की दोन छोटे चमचे कॉर्नफ्लॉवर, आणि सगळ्यात शेवटी एक मोठा चमचा तेल. क्रम उलटा करू नये. तेल आधी पडले तर सॉस मांसाला लागतच नाही. तापल्यावर 62 ते 72 अंशांच्या दरम्यान पिठाचे कण फुगून मऊ होतात आणि कापावर पातळसा, बुळबुळीत पापुद्रा तयार होतो. मांसाची प्रथिने आवळून पाणी पिळू लागतात तेही याच सुमाराला. तो पापुद्रा ओलावा थोपवतो, आणि पुढे सॉस धरून ठेवतो. पीठ तीन-चार चमचे पडले तर कढईला खाली चिकट थर लागतो. आपल्याकडे दुकानात नुसता 'सोया सॉस' म्हणून मिळतो तो बहुधा डार्क असतो. तोच वापरायचा तर एक छोटा चमचा पुरे, मिठाची कमी वेगळी भरून काढावी. नाहीतर पदार्थ काळा पडतो आणि कडवट लागतो.

ऑयस्टर सॉस 1888 साली क्वांगतुंगमधल्या नानशुई गावी ली कम शेउंग यांनी पहिल्यांदा विकायला काढला, असे त्यांच्या वारसांची कंपनी सांगते. कालवांचा रस आटवला की त्यातले ग्लुटामेट घट्ट होते आणि जिभेला भरलेली, मांसल चव लागते. दीड मोठा चमचा ऑयस्टर सॉस, एक छोटा चमचा लाइट सोया, अर्धा छोटा चमचा साखर, तीन मोठे चमचे पाणी आणि एक छोटा चमचा कॉर्नफ्लॉवर वाटीत कालवून हाताशी ठेवावे. कढई तापल्यावर बाटल्यांची झाकणे उघडत बसायला वेळ नसतो. ढोबळी मिरची 150 ग्रॅम, चौकोनी कापून, आल्याचे सहा-सात काप, लसणाच्या तीन पाकळ्या आणि पातीचा कांदा हेही चिरून तयार हवे. मिरची धुतल्यावर कोरडी पुसावी. तिच्या आतच नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी आहे, बाहेरचे आणखी कशाला?

पातळ पत्र्याची लोखंडी कढई यासाठी उत्तम. बिडाची जड कढई तापायला वेळ घेते, पण मांस टाकल्यावर तितकी निवत नाही, तेव्हा घरच्या आचेला तीही चांगलीच. नॉनस्टिक मात्र नको. 260 अंशांच्या पुढे तिचे आवरण विघटू लागते आणि मोठ्या आचेवर रिकामे भांडे तिथवर झटकन पोचते. कोरडी कढई तीन-चार मिनिटे तापू द्यावी आणि पाण्याचा थेंब टाकून पाहावा. तो फसफसून उडून गेला तर कढई अजून कच्ची आहे. मोत्यासारखा गोल होऊन नाचू लागला तर ती दोनशेच्या आसपास पोचली. थेंबाखाली वाफेची गादी तयार होते आणि तिच्यावर तो तरंगतो. योहान लाइडेनफ्रॉस्ट या जर्मन डॉक्टरने 1756 साली याचे वर्णन केले होते. मग आणखी अर्धा मिनिट थांबून तेल घालावे. 'तापलेली कढई, थंड तेल' हा चिनी आचाऱ्यांचा नियम आहे. तेल आधीपासून तापत ठेवले तर मांस पडायच्या आतच ते जळून खवट होते. तेल रिफाइंड हवे. घाण्यावरचे शेंगदाणा तेल चवीला छान, पण ते फार लवकर धुरकटते.

आधी मिरची, पाऊण मिनिट, आणि ताटलीत काढून घ्यावी. कढई पुन्हा तापवावी, एक मोठा चमचा तेल, आणि निम्मे मांस एका थरात पसरावे. इथे हात आवरणे सगळ्यात अवघड जाते. गाडीवरचा आचारी कढई सतत उडवतो, ते बघून आपणही झारा फिरवू लागतो. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी 2020 साली फ्राइड राइस करणाऱ्या आचाऱ्यांच्या हालचाली मोजल्या. ते सेकंदाला सुमारे तीन वेळा कढई उडवतात असे त्यात दिसले. प्रचंड आचेवर अन्न जळू नये म्हणून ते लागते. उडालेले तेलाचे बारीक थेंब ज्वाळेत पेटतात आणि कॅन्टोनीज (क्वांगतुंगकडचे) लोक ज्याला 'वॉक हेइ', कढईचा श्वास, म्हणतात तो धुरकट वास येतो. आपल्या शेगडीवर कढई उचलली की ती फक्त निवते. म्हणून चाळीस सेकंद मांसाला हात लावू नये, मग उलटावे, आणखी तीस सेकंद, आणि थोडा गुलाबीपणा दिसत असतानाच काढावे. ते ताटलीत स्वतःच्या उष्णतेवर शिजत राहते आणि पुढे पुन्हा कढईत येणारच आहे. दुसऱ्या घाण्याआधी कढई परत धुरावेपर्यंत तापवावी. ही अर्ध्या-एका मिनिटाची घाई नडते आणि दुसरा घाणा पाणी सोडतो.

शेवटी चमचाभर तेलात आले-लसूण पंधरा सेकंद, मग मांस आणि मिरची एकत्र. वाटीतला सॉस पुन्हा ढवळावा, कारण पीठ तळाशी बसलेले असते, आणि तो मध्ये न ओतता कडेने सोडावा, म्हणजे तापलेल्या लोखंडावरून येताना तो चरचरतो. बुडबुडे येऊन सॉस चकाकू लागेपर्यंत वीस-तीस सेकंद लागतात. त्याआधी उतरवले तर कच्च्या पिठाची चव राहते. मांस मुरवलेल्या भांड्यातले उरलेले पाणी या टप्प्यावर वापरू नये. ते कच्च्या मांसाचे आहे. पातीचा कांदा घालून लगेच उतरवावे.

मांस चिवट का याचेही एक चिनी कारण आहे. तिथे बैल नांगराचे जनावर, आणि कामाच्या बैलांच्या कत्तलीवर अनेक राजवटींनी बंदी घातली होती, म्हणून खायला मिळे ते बहुधा थकलेल्या जनावराचे मांस. सिचुआनमधल्या त्झकुंगला खाऱ्या पाण्याच्या विहिरींवर रहाट ओढून थकलेल्या बैलांचे मांस कामगार शिजवत, तिथून एक प्रसिद्ध तिखट पदार्थ आला असे सांगतात. महाराष्ट्रात 2015पासून गायीबरोबरच बैल आणि वळू यांच्याही कत्तलीला बंदी आहे, त्यामुळे इथे 'बडे का' म्हणून मिळते ते म्हशी-रेड्याचे मांस. त्याचा रंग गडद, चरबी कमी, आणि जनावर म्हातारे असेल तर तंतू भरड. त्याचे काप अडीच मिलिमीटरचे काढावेत, सोडा तेवढाच पण मुरवायला अर्धा तास द्यावा. बीफ न खाणाऱ्यांनी कोवळ्या मटणाच्या मांडीवर हेच सगळे करावे. कोंबडीला सोडा निम्माच पुरतो.

वाफाळत्या भाताबरोबर लगेच खावे. थंड झाल्यावर कॉर्नफ्लॉवरची चकाकी दह्यासारखी पाणी सोडते, आणि पुन्हा गरम करताना मांसातून आपण इतका वेळ सांभाळलेले पाणीही त्यात जाऊन मिळते. उरलेच तर दुसऱ्या दिवशी बारीक चिरून फ्राइड राइसमध्ये घालावे.