घरातील व्यायामासाठी मार्गचित्रण

घरात सायकल ट्रेनरवर (सायकल जागेवरच चालवता यावी म्हणून तिला जोडलेल्या यंत्रावर) किंवा ट्रेडमिलवर व्यायाम करताना समोरच्या पडद्यावर खरा रस्ता सरकत राहावा, यासाठी केलेले सलग चित्रण. त्याचे दोन भाग असतात. एक म्हणजे चालत्या कॅमेऱ्याने टिपलेले दृश्य आणि दुसरा म्हणजे त्याच फेरीत झालेली अंतर, वेळ व उंचीची नोंद. ही नोंद बहुधा जीपीएक्स फाइलच्या, म्हणजे मार्गावरचे बिंदू ओळीने साठवणाऱ्या फाइलच्या रूपात असते. नोंदीतला चढ वाचून स्मार्ट ट्रेनर पेडलचा भार वाढवतो आणि वापरणाऱ्याच्या वेगानुसार दृश्य हळू किंवा जलद पुढे जाते. म्हणून मार्गचित्रण हे प्रवासाच्या व्हिडिओपेक्षा वेगळे आहे. डोळ्याला चढ दिसतो त्याच क्षणी तो पायाला लागला पाहिजे. हा मेळ नसेल, तर कितीही देखणे चित्रण व्यायामाला निरुपयोगी ठरते.

सायकलपटूंमध्ये हा प्रकार रुजवण्यात नेदरलँड्समधील टॅक्स या ट्रेनर बनवणाऱ्या कंपनीचा मोठा वाटा आहे. तिचे ‘रिअल लाइफ व्हिडिओ’ सुरुवातीला डीव्हीडीवर मिळत. २०१९ मध्ये ही कंपनी गार्मिनने विकत घेतली. दरम्यान चेक प्रजासत्ताकातील रूव्ही, फ्रान्समधील किनोमॅप यांसारख्या सेवा आल्या. किनोमॅपवर सामान्य वापरकर्तेही स्वतः चित्रित केलेले मार्ग चढवू शकतात. झ्विफ्टसारख्या सेवा संगणकाने रचलेले जग दाखवतात. त्यांचा या लेखाशी संबंध नाही.

वेग आणि फ्रेम

नवख्यांची सर्वांत मोठी चूक वेगात होते. पुण्याजवळच्या सिंहगड घाटाचे उदाहरण घेऊ. पायथ्याच्या नाक्यापासून गडावरच्या वाहनतळापर्यंत सुमारे ९ किलोमीटरचा हा चढ आहे. दुचाकीवरून ताशी ३० किलोमीटर वेगाने तो चित्रित केला, तर १८ मिनिटे लागतात. सेकंदाला ३० फ्रेम (एकेक स्थिर चित्रे) धरल्या, तर एकूण ३२,४०० फ्रेम होतात. घरातला हौशी सायकलस्वार ताशी ९ किलोमीटरने चढला की त्याच फ्रेम ६० मिनिटांवर पसरतात, म्हणजे सेकंदाला जेमतेम ९. रस्ता सरकण्याऐवजी उड्या मारू लागतो आणि डोके दुखते. हाच घाट ताशी १५ किलोमीटरने, सेकंदाला ६० फ्रेम ठेवून चित्रित केला, तर १,२९,६०० फ्रेम मिळतात आणि त्याच स्वाराला सेकंदाला ३६ फ्रेम दिसतात.

यावरून कामाचा नियम निघतो : चित्रणाचा वेग वापरणाऱ्याच्या अपेक्षित वेगाच्या दुपटीपलीकडे नेऊ नये. सपाटीवर ताशी २५ ते ३०, घाटात १० ते १५ आणि उतारावर ३५ ते ४० किलोमीटर हे वेग बहुतेकांना सोसतात. चित्रण संथ असेल आणि वापरणारा जलद असेल, तर बिघाड कमी होतो. फक्त रस्त्यावरची माणसे घाईने चालताना दिसतात. घाटासाठी मोटरची मदत असलेली सायकल उत्तम. स्वार दमत नाही, बसूनच चढतो, त्यामुळे हँडल डावी-उजवीकडे झुलत नाही.

कॅमेरा

हादरे शोषणारा छोटा ॲक्शन कॅमेरा सोयीचा. तो हँडलबारच्या मधोमध, पुढे काढलेल्या पट्टीवर घट्ट बसवतात. हेल्मेटवर लावू नये, कारण स्वाराने मागची गाडी पाहायला मान वळवली की घरातल्या माणसाचे जगच फिरते. दुचाकीच्या हँडलवर इंजिनाची बारीक थरथर थेट पोचते आणि चित्र जेलीसारखे लहरते. तिथे छातीवरचा पट्टा बरा.

क्षितिज फ्रेमच्या वरच्या तृतीयांशाजवळ ठेवावे. चढावर कॅमेरा वर रोखला, तर आकाश जास्त येते, कॅमेरा उजेड कमी करतो आणि रस्ता काळवंडतो. फार रुंद कोनाने वेग वाढल्यासारखा भासतो, पण चढ सपाट दिसतो. घाटात अरुंद कोन घ्यावा. व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याचा रंगांचा समतोल) ५,५०० केल्व्हिनच्या आसपास पक्का करावा, नाहीतर झाडीखाली शिरताना रंग बदलत राहतात. एक्स्पोजर (उजेडाचे प्रमाण) मात्र स्वयंचलितच ठेवावे.

सेकंदाला १०० मेगाबिट दराने तासाला ४५ गिगाबाइट जागा लागते. कार्ड व्ही-३० दर्जाचे, म्हणजे सेकंदाला किमान ३० मेगाबाइट लिहू शकणारे हवे. उन्हात उभा असलेला कॅमेरा तापून बंद पडतो, धावता असेल तर वाऱ्याने निवतो. म्हणून चाचणीचे शॉट सावलीत घ्यावेत आणि निघण्याच्या क्षणीच रेकॉर्डिंग सुरू करावे.

उंचीची नोंद

सगळ्यात जास्त मेहनत इथे लागते, आणि दुर्लक्षही इथेच होते. केवळ जीपीएसवरून मिळालेली उंची काही मीटर वर-खाली होत राहते. दहा मीटर अंतरात एका मीटरची चूक झाली, की १० टक्क्यांचा खोटा चढ तयार होतो आणि ट्रेनर सपाट रस्त्यावर अचानक जड होतो. हवेच्या दाबावरून उंची मोजणारा सायकल कॉम्प्युटर (हँडलवर बसणारे, प्रवासाची नोंद ठेवणारे छोटे उपकरण) वापरावा, त्यात दर सेकंदाला नोंद लावावी. ‘स्मार्ट’ नोंदीत बिंदू गाळले जातात आणि वळणे कापली जातात.

उपग्रह नकाशावरून उंची भरून काढण्याचा सोपा मार्ग घाटात फसतो. २००० साली अमेरिकी अवकाशयानातून झालेल्या एसआरटीएम या जमिनीच्या उंचीच्या मोजणीच्या जाळीतला एक चौकोन सुमारे ३० मीटरचा असतो. डोंगर कापून काढलेला रस्ता त्याहून अरुंद. त्यामुळे जाळी रस्त्याची उंची न देता वरच्या कड्याची किंवा खालच्या दरीची देते. बोगद्यात तर ती डोक्यावरचा डोंगर मोजते. मोजलेली नोंदही ५० ते १०० मीटरच्या टप्प्यांत गुळगुळीत करावी लागते. त्याहून मोठा टप्पा घेतला, तर वळणावरचा खराखुरा तीव्र चढ पुसला जातो.

मेळ घालणे

रेकॉर्डिंग सुरू झाल्यावर सायकल कॉम्प्युटरचा सेकंद दाखवणारा पडदा कॅमेऱ्यासमोर दोन-तीन सेकंद धरावा. पुढचे सारे या एका कृतीवर सोपे होते. ताशी ३० किलोमीटरला एका सेकंदाची चूक म्हणजे ८ मीटरहून जास्त अंतर; घाटातल्या वळणावर तेवढ्यात चढ बदललेला असतो. मेळ आरंभ, मध्य आणि शेवट अशा तीन खुणांवर तपासावा : पूल, ठळक वळण, नाका. फरक सर्वत्र सारखा असेल, तर फक्त आरंभ सरकवायचा. फरक वाढत गेला, तर बहुधा २९.९७ फ्रेमचा व्हिडिओ ३० म्हणून वाचला गेला आहे. त्याने तासाला ३.६ सेकंद सुटतात. फोनने केलेल्या चित्रणात फ्रेमचा दर मुळातच बदलता असतो, तो आधी स्थिर करून घ्यावा.

सिग्नल, पंक्चर, गुरांचा कळप यामुळे थांबावे लागले, तर तो तुकडा दृश्यातून आणि नोंदीतून एकाच सेकंदाला कापावा. फक्त दृश्य कापले की तिथून पुढे सगळे घसरते.

ट्रेडमिलसाठी

धावणाऱ्याच्या हातातला कॅमेरा टाळावा. धावताना शरीर प्रत्येक पावलाला सहा ते दहा सेंटिमीटर वर-खाली होते. घरातला माणूस स्वतःही हलत असल्याने दोन हेलकावे एकमेकांत मिसळून मळमळ होते. संथ सायकलवर गिंबल (कॅमेरा स्थिर ठेवणारी धारक यंत्रणा) लावून, साधारण दीड मीटर उंचीवरून, ताशी ८ ते १० किलोमीटरने केलेले चित्रण नैसर्गिक वाटते. मुंबईतला मरीन ड्राइव्ह यासाठी चांगला आहे : साधारण साडेतीन किलोमीटर, सपाट, लांबवर दिसणारे वळण. गर्दीचा प्रश्न पहाटे सुटतो.

ऋतू, वेळ, परवानगी

सह्याद्रीतल्या घाटांसाठी ऑक्टोबर-नोव्हेंबर सर्वोत्तम. हिरवळ टिकलेली असते आणि हवा स्वच्छ असते. पावसाळ्यात काचेवर थेंब बसतात, धुके रस्ता गिळते आणि दरडींमुळे घाट बंदही होतो; मार्चनंतर सगळे धुरकट आणि करपलेले. सिंहगडावर शनिवार-रविवार टाळावा, वाहनांच्या रांगेत सलग चित्रण होत नाही. सूर्य पाठीशी असावा, पण कोवळ्या उन्हात स्वतःचीच लांब सावली फ्रेममध्ये येते. ऊन थोडे चढू द्यावे.

सैनिकी हद्दी आणि धरणांच्या भिंतींपाशी चित्रीकरणास मनाईचे फलक असतात. सिंहगडाच्या वाटेवर खडकवासल्याचे धरण लागते आणि परिसरात राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीही आहे, त्यामुळे कॅमेरा त्यापुढे गेल्यावरच सुरू करावा. प्रसारित करण्यापूर्वी ओळखू येणारे चेहरे आणि गाड्यांच्या क्रमांकाच्या पाट्या धूसर करतात. शेवटी पूर्ण मार्ग ट्रेनरवर एकदा स्वतः चढून पाहतात, कारण खोटा चढ पडद्यावर दिसत नाही, तो फक्त पायाला कळतो.