एसयू कार्ब्युरेटर: चामड्याच्या भात्यापासून ई-२० पेट्रोलपर्यंत

एमजीए, एमजीबी, जग्वार एक्सके १२० या जुन्या ब्रिटिश गाड्यांवर एसयू कंपनीचा कार्ब्युरेटर, म्हणजे इंजिनाला हवा-पेट्रोलचं मिश्रण पुरवणारा भाग, असतो. त्यांच्या मॅन्युअलमधली या मिश्रणाची (मिक्श्चरची) सेटिंग शुद्ध पेट्रोल गृहीत धरून दिलेली आहेत. आज पंपावर सहसा मिळतं ते ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं. नागपूरला इथेनॉल नवं नाही. २०१४ मध्येच शहरात इथेनॉलवर चालणारी बस आली होती. पण ती बस त्यासाठीच घडवलेली होती. इतक्या जुन्या स्पोर्ट्‌स कारचं तसं नाही, म्हणून तिचा कार्ब्युरेटर मुळात कसा विचार करून बनला हे आधी पाहायला हवं.

एसयू म्हणजे स्किनर युनियन. लिली अँड स्किनर या इंग्लंडमधल्या बूटवाल्या घराण्यातल्या जॉर्ज हर्बर्ट स्किनर यांनी १९०५ च्या सुमारास ही रचना केली. सुरुवातीला पिस्टनच्या जागी चामड्याचा भाता होता. त्या घराला चामडं काही परकं नव्हतं. १९१० मध्ये कंपनी उभी राहिली, १९२६ मध्ये ती मोटार उत्पादक विल्यम मॉरिस यांनी घेतली आणि पुढे एमजीवर एसयू दिसणं हा नियमच झाला. कल्पना फार सुंदर आहे. वेबर किंवा सोलेक्स या दुसऱ्या कंपन्यांच्या कार्ब्युरेटरमध्ये हवेचा मार्ग ठरलेला असतो आणि वेगवेगळ्या वेगांसाठी वेगवेगळे जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी छिद्रं, लागतात. एसयूत जेट एकच. इंजिनाच्या ओढीने पिस्टन उचलला जातो, त्याला लावलेली निमुळती सुई जेटमधून वर सरकते आणि हवा-पेट्रोल दोन्ही एकदमच वाढतं. अ‍ॅक्सिलरेटर पंप नाही. पाय दाबताच जादा पेट्रोल देण्याचं त्याचं काम पिस्टनच्या नळीतलं तेल करतं.

भारतात हे ज्ञान टिकलं ते अ‍ॅम्बेसेडरमुळे. तिचं १४८९ सीसीचं इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या (बीएमसी) बी-सिरीजचं, एमजीए १५०० चंही तेच, आणि बऱ्याच अ‍ॅम्बेसेडरवर एसयूच होता. फियाट ११०० आणि पद्मिनीवर सोलेक्स. त्यामुळे नागपुरात जुना मिस्त्री शोधताना त्याचा हात अ‍ॅम्बेसेडरवर बसलाय की फियाटवर, हे विचारलेलं बरं. सोलेक्सच्या सवयीने एसयू उघडला की पिस्टनला पॉलिश पेपर लावला जातो आणि तिथेच तो बिघडतो. पिस्टन आणि त्याचा डोम (वरचं झाकण) कारखान्यात जोडीने जुळवलेले असतात. ते फक्त पेट्रोलने धुवायचे, कोरडे बसवायचे, आणि दोन कार्ब्युरेटर असतील तर एकाचा पिस्टन दुसऱ्यात जाऊ द्यायचा नाही.

ओव्हरहॉल किट घालूनही गाडी आयडलिंगला डुलत राहते, कारण किटमध्ये गॅस्केट, सील, नीडल व्हॉल्व्ह येतात. झिजलेला असतो तो थ्रॉटल शाफ्ट, म्हणजे हवा अडवणारी डिस्क फिरवणारा दांडा, आणि त्याचं भोक. तिथून चोरून हवा शिरते आणि मिक्श्चर लीन होतं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडतं. इंजिन चालू ठेवून शाफ्टच्या टोकाशी हलकंसं तेल सोडा. आवाज बदलला तर तिथेच गळती आहे. नुसता शाफ्ट बदलून भागलं नाही तर बॉडीचं भोक रीम करून (रुंदावून) त्यात बुश बसवावा लागतो. हे काम लेथवाल्याकडेच द्यावं, कारण दोन्ही भोकं एका रेषेत राहिली नाहीत तर थ्रॉटल अडकतो. शाफ्ट काढताना डिस्कच्या स्क्रूंची फाकवलेली टोकं आधी कानसाने घासा, नाहीतर आटे निघून येतात. बसवताना टोकं पुन्हा फाकवा. सुटलेला स्क्रू थेट सिलिंडरमध्ये जातो.

ट्यूनिंगला हात लावण्याआधी टॅपेट, प्लग आणि इग्निशन टायमिंग नीट हवं. एमजीबीवरच्या एचएस ४ मॉडेलच्या एसयूवर जेट ब्रिजच्या (पिस्टनखालच्या कट्ट्याच्या) पातळीला आणून जेटखालचा नट दोन पूर्ण फेरे, म्हणजे बारा फ्लॅट (नटाची एक बाजू म्हणजे एक फ्लॅट), खाली घ्यायचा. इंजिन तापल्यावर दोन्ही कार्ब्युरेटरच्या तोंडांशी रबरी नळी धरून हवेचा फुसफुस आवाज सारखा करायचा. मग पिस्टन जेमतेम एक मिलिमीटर उचलायचा. इंजिनाचा वेग वाढून तसाच राहिला तर रिच (पेट्रोल जास्त), इंजिन बसू लागलं तर लीन, क्षणभर किंचित वाढून जागेवर आला तर बरोबर. नट एका वेळी एकच फ्लॅट फिरवावा.

ई-२० चा प्रश्न इथे येतो. शुद्ध पेट्रोलला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, ई-२० ला साधारण १३.५ पट. म्हणजे तेवढ्याच हवेला आठ-नऊ टक्के जास्त इंधन हवं. नट खाली घेतल्याने आयडलिंग सुधारतं, पण वरच्या वेगात त्याचा परिणाम कमी पडतो. चढावर किंवा हायवेवर इंजिन लीनच चालतं आणि तापतं. खरा उपाय म्हणजे एक पायरी रिच सुई.

नागपूरची हवा या हिशेबात आणखी एक गोष्ट मिसळते. डिसेंबरच्या १० अंशांवरून मे महिन्याच्या ४५ वर गेलं की हवा विरळ होते आणि तेच सेटिंग साधारण सहा टक्के रिच होतं. म्हणजे थंडीत ते जास्त लीन असतं, म्हणून सुई उन्हाळ्यात नव्हे, थंडीत पारखावी. उन्हाळ्यातला वेगळा त्रास म्हणजे गाडी बंद केल्यावर फ्लोट चेंबरमध्ये (कार्ब्युरेटरच्या पेट्रोलच्या वाटीत) पेट्रोल उकळतं आणि दहा मिनिटांनी स्टार्टर फिरत राहतो. मॅनिफोल्ड आणि कार्ब्युरेटरमधलं मूळ हीट शील्ड आणि इन्सुलेटर ब्लॉक जागेवर आहेत का ते पाहा. बरेचदा कुणीतरी काढून टाकलेले असतात. डॅम्परमध्ये, म्हणजे पिस्टनच्या नळीत, एसएई २० तेल चालतं. ते आटलं तर पाय दाबताच गाडी अडखळते.

एसयूच्या जुन्या एच मालिकेतल्या जेटभोवती कॉर्कच्या सील असतात. त्या आणि जुने रबरी पाइप इथेनॉलपुढे टिकत नाहीत. जागी व्हिटॉनचे (इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचे) घाला. पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर फ्लोट चेंबर रिकामा करून ठेवा. इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि तळाशी पांढरी भुकटी साचते. ती जेटच्या पाइपमध्ये सरकली की एकच कार्ब्युरेटर उपाशी राहतो, आणि मिस्त्री आधी इग्निशन तपासत बसतो.