वादळात समुद्र चढतो कसा?

17 मे 2021. तौक्ते चक्रीवादळ गुजरातच्या किनाऱ्याकडे सरकत होतं आणि सुरतेच्या लिंबायत भागात राहणाऱ्या माझ्या मावसभावाचा फोन आला. टीव्हीवर 'वादळी लाट' हा शब्द ऐकून तो धास्तावला होता. "भाऊ, वारा पानीले इतलं वर कसा काय लई जास?" खानदेशातल्या गावागावातली माणसं पोटापाण्यासाठी सुरतेत आहेत, त्यामुळे जळगाव-धुळ्याला समुद्र नाही हे नकाशापुरतंच खरं. फोनवर त्याला जे नीट सांगता आलं नाही ते इथे लिहितो.

आधी तो शब्द. लाट म्हटलं की भिंतीसारखं चालून येणारं पाणी डोळ्यांसमोर येतं. इथे समुद्राची अख्खी पातळीच काही तासांसाठी चढते, आणि नेहमीच्या लाटा त्या चढलेल्या पाण्यावर स्वार होऊन आत घुसतात. म्हणून मी 'वादळी फुगवटा' म्हणतो.

वादळाच्या मध्यभागी हवेचा दाब कमी, म्हणून पाणी वर ओढलं जातं, असं अनेकांना वाटतं. ते खरं आहे, पण थोडंच. दाब 1 हेक्टापास्कलने (हे हवेचा दाब मोजायचं एकक) घटला की पाणी साधारण 1 सेंटिमीटर चढतं. ऑक्टोबर 1999 मध्ये ओडिशावर आदळलेल्या महाचक्रीवादळाच्या केंद्रात दाब 912 हेक्टापास्कलपर्यंत उतरला होता, नेहमीपेक्षा शंभरेक कमी. हिशेब केला तर पाणी जेमतेम 1 मीटर चढायला हवं. प्रत्यक्षात एरसमाच्या बाजूला ते 5-6 मीटर चढलं आणि जवळपास 10,000 माणसं गेली. उरलेलं पाणी वाऱ्याने आणलं.

ते कसं, हा मला या सगळ्या विषयातला सगळ्यात सुंदर भाग वाटतो. वारा पाण्यावर घासतो आणि त्याला पुढे ओढतो. हा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो: वारा दुप्पट, तर जोर चौपट. रावेर-यावलच्या केळीवाल्याला हे सांगावं लागत नाही; ज्या वाऱ्यात बाग नुसती डुलते, त्याच्या दुपटीत ती आडवी होते. ताशी 144 किलोमीटरचा वारा समुद्राच्या दर चौरस मीटरला सुमारे 5 न्यूटन जोराने ओढतो. म्हणजे किती? अर्धा किलो शेंगदाण्यांच्या वजनाइतका. एवढ्याशा जोराने समुद्र चढतो, कारण तो शेकडो किलोमीटर पाण्यावर तासन् तास लागलेला असतो.

पाणी किनाऱ्याकडे ढकललं गेलं की त्याला उतार पडतो, किनाऱ्याशी उंच आणि समुद्रात खाली. उताराचं पाणी मागे वाहू बघतं, वारा त्याला पुढे रेटतो. दोन्ही जोर बरोबरीत आले की उतार तिथेच थांबतो. आता खोलीची गंमत बघा. उतारामुळे मागे रेटलं जातं ते पृष्ठभागापासून तळापर्यंतचं सगळं पाणी, पण वाऱ्याचा जोर तेवढाच. खोल समुद्रात मागे रेटणारं पाणी अफाट असल्याने इवलासा उतारही वाऱ्याला पुरून उरतो. उथळ समुद्रात तेवढाच जोर जमवायला उतार चांगला चढा लागतो. आकड्यांत मांडतो: वर सांगितलेला वारा 1000 मीटर खोल पाण्यावरून 100 किलोमीटर वाहिला तर पाणी 5 सेंटिमीटर चढेल. 100 मीटर खोलीवर अर्धा मीटर, आणि 10 मीटर खोलीवर सुमारे 5 मीटर. वारा तोच, अंतर तेच. पाण्याची चढ काढताना खोलीने भागावं लागतं, एवढाच काय तो फरक.

बंगालच्या उपसागराचं उत्तर टोक असंच उथळ आणि निमुळतं आहे. नोव्हेंबर 1970 च्या भोला चक्रीवादळात तिथे किमान तीन लाख लोक मेले, त्यातले बहुतेक फुगवट्याच्या पाण्यात. एवढी खरी उदाहरणं असताना व्हॉट्सॲपवर दर पावसाळ्याआधी 1882 च्या मुंबईतल्या चक्रीवादळात लाखभर बळी गेल्याची गोष्ट फिरते. त्या काळच्या नोंदींत अशा संकटाचा मागमूस नाही. कृपा करून ती पुढे पाठवू नका.

गुजरातमधलं खंभातचं आखातही उथळ आणि नरसाळ्यासारखं. आपल्या गोलार्धात चक्रीवादळाचे वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतात, त्यामुळे तौक्तेसारखं वादळ उत्तरेकडे निघालं की त्याच्या उजव्या अंगाचा वारा दक्षिणेकडून थेट आखातात पाणी कोंबतो. सुरत त्याच बाजूला.

आणि तिथेच आपली तापी समुद्राला मिळते. मुखाजवळ नदीचा उतार अगदी कमी असतो, समुद्र चढला की नदीची वाट अडते. ऑगस्ट 2006 मध्ये सुरत बुडाली तेव्हा चक्रीवादळाचा फुगवटा नव्हता, पण वाट अडण्याची तऱ्हा हीच. वरून तापीवरच्या उकाई धरणातून प्रचंड विसर्ग, त्यात 9 ऑगस्टला राखीपौर्णिमा, म्हणजे मोठ्या भरतीचे दिवस. आपल्याच खोऱ्यातलं पाणी उधाणामुळे तुंबून सुरतेच्या घरांत शिरलं होतं. मावसभावाला ते चांगलं आठवत होतं.

वादळ तिथी बघून येत नाही, भरती मात्र चंद्रावर चालते. तीन मीटरचा फुगवटा पूर्ण ओहोटीला आला तर खंभातच्या आखातात तो नेहमीच्या भरतीच्या रेषेखालीच राहू शकतो, कारण तिथे भरती-ओहोटीतला फरकच काही ठिकाणी 10 मीटरच्या घरात जातो. तोच फुगवटा भरतीला आला तर ते तीन मीटर वर चढतात. म्हणून मावसभावाला सांगितलं, वाऱ्याचा वेग सगळे चॅनल दाखवतील. तू आज रात्रीच्या भरतीची वेळ शोधून ठेव.