रोज फिरणाऱ्यांच्याही मांडीतला जोर का जातो?

बेळगावात टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोच्या बाजूला पहाटे गेलं की साठी-सत्तरी ओलांडलेली कितीतरी माणसं झपझप फेऱ्या मारताना दिसतात. तासभर चाललं की तब्येतीचं सगळं झालं, अशी त्यांच्यातल्या बहुतेकांची खात्री असते. हृदयाला, साखरेला, मनाला चालणं चांगलंच आहे. पण यांतलीच मंडळी घरी पूजेला जमिनीवर बसली की उठताना हात टेकतात आणि बसची पहिली पायरी दांड्याला धरून, अंग ओढून चढतात. ‘बसलं तर उठूस होईना’ ही तक्रार वडगाव-शहापूरच्या गल्ल्यांत रोज कानावर पडते. त्यावरचं उत्तरही ठरलेलं: वय झालं! वय झालं हे खरंच, पण वयाने स्नायूत नेमकं काय झालं हे पाहिलं, तर गेलेल्यातलं बरंच परत मिळवता येतं हेही कळतं.

जोराचा आणि आयुष्याचा संबंध आधी सांगतो. १७ देशांतल्या सुमारे १ लाख ४० हजार प्रौढांच्या हाताची पकड मोजून पुढे सरासरी चार वर्षं त्यांच्या प्रकृतीची नोंद ठेवणारा एक अभ्यास २०१५ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात भारतातलेही लोक होते. पकड ५ किलोने कमी असेल तर त्या काळात मृत्यूचा धोका १६ टक्क्यांनी जास्त, असं त्यात आढळलं. रक्तदाबाच्या वरच्या आकड्यापेक्षाही पकडीवरून हा अंदाज जास्त नीट बांधता आला. ही बातमी वाचून काही जण हातात स्प्रिंग घेऊन दाबत बसले. त्याने मूठ घट्ट होईल, एवढंच. पकडीवरून सगळ्या अंगातल्या स्नायूंचा अंदाज येतो, म्हणून ती मोजतात. शिवाय आजारी माणसाची पकडही ढिली पडते, तेव्हा संबंध दिसला म्हणजे कारण सापडलं असं नाही. मांडीची गोष्ट मात्र सरळ आहे. तिथला जोर गेला की माणूस पडतो, खुब्याचं हाड मोडतं, अंथरुणाला खिळतो, आणि पडून राहिल्याने उरलेला स्नायूही झिजतो.

आता आत काय चालतं ते पाहू. पाठीच्या कण्यातल्या मेरुरज्जूतली एक चेतापेशी आपला लांब धागा स्नायूपर्यंत पाठवते. तिथे त्याला फाटे फुटतात आणि एकेक फाटा एकेका स्नायुतंतूला जाऊन भिडतो. ही पेशी आणि तिच्या ताब्यातले सगळे तंतू मिळून एक ‘मोटर युनिट’ होतं. डोळा फिरवणाऱ्या स्नायूत एका युनिटमध्ये जेमतेम दहा-पंधरा तंतू असतात, पोटरीत हजारावर. पेशीने इशारा दिला की तिच्या ताब्यातले सगळेच तंतू आकसतात, त्यात अर्धंमुर्धं काही नसतं. जोर कमी-जास्त करायचा तर किती युनिटं कामाला लावायची आणि त्यांना किती भराभर इशारे द्यायचे, एवढंच शरीराच्या हातात असतं.

कुठलं युनिट आधी लागणार, याचा क्रम हार्वर्डच्या एल्वूड हेनेमन यांनी १९५० आणि ६०च्या दशकांत मांजरांवर प्रयोग करून शोधला. आधी लहान चेतापेशी, मग मध्यम, मोठ्या सगळ्यात शेवटी. आनंदवाडीच्या आखाड्यात मैदान पाहिलेल्यांना हे चटकन उमजेल: पोरांच्या कुस्त्या आधी होतात आणि एक नंबरची जोड शेवटी सुटते. फरक इतकाच की इथे जोडी लावणारा पंच कोणी नाही. हा क्रम ओहमच्या नियमातून येतो, आणि शरीरशास्त्रात याच्याइतकं सुंदर मला थोडंच काही वाटतं. लहान पेशीचा पृष्ठभाग कमी, म्हणून तिच्या आवरणातून वीज झिरपून जायला वाटा कमी, म्हणजेच तिचा रोध जास्त. विभवांतर (व्होल्टेज) म्हणजे धारा (करंट) गुणिले रोध, हे दहावीत शिकलेलं असतं. वरून सगळ्या पेशींना सारखीच धारा आली तरी लहान पेशीत विभवांतर जास्त चढतं, ती आपला उंबरठा आधी ओलांडते आणि इशारा सोडते. मोठ्या पेशीचा रोध कमी. तिला उंबरठा गाठायला जास्त धारा लागते, म्हणजे मेंदूकडून हुकूमच जास्त जोराचा यावा लागतो.

लहान पेशींच्या ताब्यातले तंतू सावकाश आकसतात आणि सहसा थकत नाहीत. मोठ्या पेशींकडचे तंतू दणकट, झटपट आणि लवकर दमणारे. सपाट रस्त्यावर चालायला लहान-मध्यम युनिटं पुरून उरतात. दहा हजार पावलं टाका की वीस हजार, मोठ्यांची पाळी फारशी येतच नाही. येळ्ळूरचा राजहंसगड झपाझप चढताना, तांदळाचं पोतं उचलताना, खाली बसून झटकन उठताना ती येते.

साठीच्या पुढे या चेतापेशींची संख्या घटत जाते, आणि जास्त फटका झटपट तंतूंना बसतो. पेशी गेली की तिचे तंतू पोरके होतात. मग शेजारच्या, बहुधा सावकाश जातीच्या पेशीचा धागा नवा फाटा फोडून त्यांतल्या काहींना आपल्याकडे घेतो. घेतलेला तंतू हळूहळू नव्या मालकिणीसारखा सावकाश होतो, कारण स्नायूचा स्वभाव बऱ्याच अंशी चेता ठरवते. बुलर आणि एकल्स यांनी १९६० साली मांजराच्या झटपट आणि सावकाश स्नायूंच्या चेतांची अदलाबदल करून जोडणी केली, तेव्हा स्नायूंचा वेगही बदलला होता. ज्यांना कोणीच घेत नाही ते तंतू सुकून जातात. म्हणून मांडीचा घेर कमी होतो त्याच्या कितीतरी आधी जोर कमी होतो, आणि जोराच्याही आधी झटका, म्हणजे झटकन जोर लावायची ताकद, जाते. फरशीला ठेच लागल्यावर तोल सावरायला सेकंदाहून कमी वेळ मिळतो. नेमका तेव्हा हाच झटका लागतो.

गेलेली चेतापेशी परत येत नाही. पण उरलेल्यांना कामाला लावता येतं, याचा पुरावा १९९० साली बोस्टनहून आला. मारिया फिआतारोने यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका वृद्धाश्रमातल्या सरासरी नव्वद वर्षांच्या १० जणांना आठ आठवडे मांडीचा वजनाचा व्यायाम दिला, तोही चांगल्या जड वजनाचा. नऊ जणांनी तो पुरा केला. त्यांचा जोर सरासरी १७४ टक्क्यांनी वाढला, मांडीतला स्नायू मात्र ९ टक्क्यांनीच. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. स्नायू एवढासा वाढून जोर जवळजवळ तिप्पट झाला, कारण झोपलेली मोठी युनिटं जागी झाली आणि भराभर इशारे द्यायला लागली.

आपल्याकडे मात्र ताकदीच्या नावाने डबे विकले जातात. बाजारात ‘म्हातारपणी तारुण्य’ देणारी पावडर मिळते, गुडघ्याला मंतरलेला काळा दोरा बांधणारेही भेटतात. कुठल्याही दोऱ्याने किंवा चूर्णाने मेरुरज्जूतल्या मोठ्या पेशीचा उंबरठा ओलांडला जात नाही. पेन्शनीतले पैसे असे उधळलेले पाहिले की मला मनापासून वाईट वाटतं. त्याच पैशात अंडी, हुलगे, मसूर, शेंगदाणे, दूध-दही येईल. निरोगी वयस्कांना दर किलो वजनामागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं हवीत असं तज्ज्ञ सांगतात, म्हणजे साठ किलोच्या माणसाला साठ-सत्तर ग्रॅम. भात-आमटीच्या दोन जेवणांत तेवढी भरत नाहीत.

आपला जोर घरीच तपासता येतो. हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. त्यावर बसा, हात छातीवर घडी घाला, आणि पाच वेळा पूर्ण उभं राहून परत बसा. कोणीतरी घड्याळ लावून शेजारी थांबावं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पायांकडे लक्ष द्यायची वेळ झाली, असं आशियाई तज्ज्ञांच्या गटाने २०१९ साली ठरवलेलं आहे. पहिल्या दोन-तीन वेळा माणूस पुढे झुकून सहज उठतो. चौथ्या-पाचव्या वेळी हात नकळत मांडीवर जायला बघतात, गुडघे आत वळतात. जोर कुठे संपला ते तिथे डोळ्यांना दिसतं.

ही चाचणीच व्यायाम म्हणूनही चालते. उठताना शक्य तितकं झटकन, बसताना तीन मोजत सावकाश. आठ-दहा वेळा करून मिनिट-दोन मिनिटं विसावा, असे दोन-तीन फेरे, आठवड्यातून दोन-तीन दिवस, मधे एक दिवस सुट्टी. शेवटच्या दोन वेळा जड गेल्या पाहिजेत, कारण मोठ्या युनिटांची पाळी तिथेच येते. बारा वेळा आरामात जमू लागलं की दोन किलो तांदळाची पिशवी छातीशी धरायची. गुडघेदुखीवाल्यांनी खुर्चीवर जाड उशी ठेवून उंची वाढवावी. गुडघा झिजला म्हणून मांडी कमजोर ठेवली तर सांध्यावरचा ताण वाढतो. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल, नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावं. आणि उठताना श्वास रोखू नये, सोडावा. रोखलेल्या श्वासाने रक्तदाब एकदम चढतो.