कातकामाच्या हत्यारांसाठी धार लावण्याचा घरगुती जिग

लेथवर लाकूड कातण्याच्या हत्यारांना ग्राइंडरवर दर वेळी त्याच कोनात धार लावता यावी, म्हणून प्लायवूड, चौकोनी पाइप आणि नटबोल्ट वापरून घरीच बनवलेली पकड. जिगमुळे हत्यार जास्त धारदार होत नाही. तो फक्त ठरलेला कोन पुन्हा हातात आणून देतो आणि कातकामात याच गोष्टीला सगळ्यात जास्त किंमत आहे.

200 मिमी व्यासाचा वाडगा मिनिटाला 1000 फेऱ्यांनी फिरत असेल, तर त्याचा काठ सेकंदाला सुमारे 10 मीटर वेगाने धारेसमोरून जातो. त्यामुळे धार लवकर जाते आणि एका वाडग्यात दोन-तीनदा तरी ग्राइंडरकडे जावे लागते. शिवाय कातताना आधी हत्याराचा बेव्हल (धारेमागचा तिरका भाग) लाकडावर टेकवतात आणि मग मूठ हळूहळू वर उचलत धार लाकडाला लावतात. बेव्हल एकसलग नसून त्यावर तीन-चार पैलू पडलेले असतील तर तो नीट टेकत नाही, आणि हत्यार उसळते किंवा लाकडात घुसते. पाळण्याचे खूर, लाटणी, भोवरे कातणाऱ्या कातारी कारागिरांच्या मनगटात हा कोन सवयीने बसलेला असतो. रविवारी तासभर लेथवर उभ्या राहणाऱ्या माणसाच्या हाताला ती सवय कुठून असणार? जिग त्याच्यासाठी आहे.

बाजारात मिळणाऱ्या जिगांपैकी कॅनडातील वनवे कंपनीचा वुल्वरीन प्रसिद्ध आहे आणि बहुतेक घरगुती जिग त्याच कल्पनेवर उभे असतात. ग्राइंडरच्या खाली, चाकाच्या बरोबर मध्यरेषेत, प्लायवूडची एक पोकळ पेटी बसवतात. तिच्यातून टणक लाकडाची किंवा चौकोनी पाइपची दांडी मागे-पुढे सरकते आणि पाचर ठोकून किंवा बोल्ट आवळून पक्की होते. दांडीच्या पुढच्या टोकाला व्ही आकाराची खाच असते. रफिंग गाऊजसारख्या (गाऊज म्हणजे पन्हाळीसारख्या पात्याचे हत्यार; रफिंग गाऊज ओबडधोबड लाकूड गोल करायला) सरळ धारेच्या हत्याराची मूठ या खाचेत टेकवायची, पाते चाकावर ठेवायचे आणि हत्यार जागच्या जागी गोल फिरवायचे.

नखासारखी गोलसर धार असलेल्या गाऊजला आणखी एक भाग लागतो. चौकोनी पाइपच्या छोट्या तुकड्यात तळाशी लोखंडी अँगल व्हीसारखा बसवतात, म्हणजे गाऊजचा गोल दांडा हलत नाही. वर नट वेल्ड करून बोल्टने तो दाबतात. खालून एक तिरका पाय निघतो आणि त्याचे गोल टोक खाचेत टेकते. या टोकावर डावी-उजवीकडे झोका दिला की नाकापासून (मधल्या टोकापासून) पंखांपर्यंत (दोन्ही बाजूंच्या कडांपर्यंत) धार सलग घासली जाते. पाते पकडीच्या पुढे किती काढायचे तेही ठरलेले हवे. बरेच जण सुमारे 45 मिमी ठेवतात. त्यासाठी टेबलाच्या कडेला ठोकळा ठोकून ठेवणे सर्वांत सोपे.

खाच चाकापासून लांब नेली की कोन बोथट होतो आणि जवळ आणली की निमुळता. साधारणपणे स्पिंडल गाऊजला (लांबट दांड्यांसाठी) 35 ते 45 अंश, बोल गाऊजला (वाडग्यांसाठी) 40 ते 60 आणि स्क्रेपरला (खरवडणाऱ्या चपट्या हत्याराला) 70 ते 80 अंशांचा कोन देतात. दांडीवर पेन्सिलने खूण करून ठेवण्याची पद्धत आहे, पण ती फसवी आहे. दगडी चाक झिजते. मुठीसकट 400 मिमी लांबीचे हत्यार 200 मिमी चाकावर 55 अंशांना बसवले असेल आणि चाक झिजून 180 मिमी झाले, तर दांडी न हलवताही कोन 69 अंशांच्या आसपास जातो. त्याऐवजी खाचेपासून चाकाच्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर मोजणारी लाकडी पट्टी कापून ठेवली, तर तेवढ्याच झिजेने फरक जेमतेम दोन अंशांचा पडतो. प्रत्येक हत्यारासाठी वेगळी पट्टी करून तिच्यावर हत्याराचे नाव लिहावे. खरे तर अख्ख्या जिगमध्ये सर्वांत मोलाचा भाग या पट्ट्याच. सीबीएन (क्यूबिक बोरॉन नायट्राइड या अतिकठीण पदार्थाचा थर दिलेले) चाक जवळपास झिजतच नाही, त्यामुळे तिथे हा प्रश्न येत नाही.

बसवणी जुळली का हे पाहायला बेव्हलवर काळा मार्कर फासतात आणि चाक बंद ठेवून ते हाताने एकदा फिरवतात. शाई फक्त टोकाशी पुसली गेली तर कोन बोथट होतोय, फक्त मागच्या कडेला गेली तर निमुळता. वरपासून खालपर्यंत सारखी पुसली गेली की ग्राइंडर चालू करायचा. दाब अगदी हलका हवा. ठिणग्या धारेखालून न उडता धारेवरून गाऊजच्या पन्हाळीत येऊ लागल्या, की धार झाली; तिथेच थांबावे. जिग नीट बसलेला असेल तर हे काही सेकंदांचे काम आहे आणि पोलादही फार कमी झिजते.

साध्या कार्बन पोलादाचे हत्यार मधूनमधून पाण्यात बुडवावे लागते. टोक निळे पडले की तेवढ्या भागाचे पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलेच. हायस्पीड स्टील ती उष्णता सहन करते, पण तापलेले असताना ते पाण्यात घालू नये, बारीक तडे जाऊ शकतात.

स्क्यू (तिरप्या धारेचे चपटे हत्यार) मात्र व्ही-खाचेत लावू नये. त्याचे अणकुचीदार टोक चाकात अडकून हत्यार खाली ओढले जाऊ शकते. त्याच्यासाठी आणि स्क्रेपरसाठी चाकासमोर कोन बदलता येणारी सपाट फळी वेगळी बसवतात. फळी आणि चाक यांतली फट 3 मिमीपेक्षा जास्त ठेवत नाहीत, आणि चाक झिजेल तशी फळी पुढे सरकवतात.